जुळलेली किडनी

९ जानेवारी २०२६
जुळली. माझी किडनी ताईला जुळली! डॉक्टरीणबाईंनी ताईच्या आधी मला बोलावून आनंदाने सांगितलं. नर्स बाहेर गेली की जरा एकट्याने बोलायचंय म्हटलं. चाचरत का होईना, नाही म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. "जमत नाही एवढंच सांगू. कारण कोणाला कळणार नाही." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ जानेवारी
प्रताप नगरला दीपमालाताईकडे गेलो. डायलिसिसनंतर थकून पडली होती. मीच सांगितलं — रिपोर्ट जुळले नाहीत. "जाऊ दे ना गा. तू काहून तोंड पाडून राहिला?" तिला संत्री बंद आहेत, तरी मला सोलून दिली. आणि मी खाल्ली! निर्लज्ज.

१२ जानेवारी
भूमिकाला शाळेत सोडलं. लेक लहान आहे म्हणून नाही म्हटलं, असं स्वतःला सांगत होतो. खोटं. मला ऑपरेशनची भीती वाटते, बस.

१८ जानेवारी
विज्ञानाचा मास्तर ना मी! ताईला नवा शोध शिकवून आलो. डुकराच्या पेशींवर काही खास साखरा असतात. त्या दिसल्या की आपलं शरीर परकं समजून तुटून पडतं. म्हणून त्या बनवणारे जीनच डुकरातून काढून टाकतात, वर माणसाचे थोडे घालतात. मग अशी किडनी शरीर सहज नाकारत नाही. परदेशात माणसांना बसवून पाहताहेत. वहीवर चित्रसुद्धा काढलं.

आई सध्या तिच्याकडेच आहे. आतून ओरडली, "डुकराची? अन् माह्या पोरीले?"

ताई हसली. "मले चालते. आपल्या इथं कधी येईल?"

"लवकरच," म्हणालो. कुठलं लवकर! तिच्या हातात फार दिवस नाहीत, हे मला माहीत आहे. लोक तिकडे जीव ओतून शोध लावताहेत आणि मी त्यांच्या आड लपतोय.

२६ जानेवारी
ते चित्र तिने फ्रिजवर लावलंय. पाहवेना. चहा न घेताच निघालो.

१ फेब्रुवारी
ताईने आज हात धरला. "रागावू नको. तुह्या टेस्टच्या आधीच मी डॉक्टरीणबाईले सांगून ठेवलं होतं — जुळली तरी त्याले नाही म्हणा. तू तर देऊन मोकळा झाला असता. पोरगी लहान आहे तुही. माफ कर मले."

बाईंनी तिचं ऐकलंच नव्हतं, हे तिला ठाऊक नाही. मी म्हणालो, "केलं."