हात परत येईपर्यंत मुदत मिळण्याबाबत

प्रति,
मा. सरकारी कामगार अधिकारी,
जिल्हा सिंधुदुर्ग.

विषय : काजूगर हाताने निवडण्याचा सराव परत येईपर्यंत कारखान्यात बसू देण्याबाबत.
संदर्भ : शुभांकुर काजू उद्योग, शिरोडा यांचे कामावरून कमी केल्याचे पत्र, दि. १५/०९/२०२५.

महोदय,

१. अर्जदार वेरोनिका सॅम्युएल लुद्रिक, वय ५१, रा. आरोंदा, हिने सदर कारखान्यात बावीस वर्षे काजूगर निवडले. गर चिमटीत आला की तो आकाराने कोणत्या नंबराचा, हे तिला विचार न करता कळत असे.

२. सन २०२२ मध्ये कारखान्याने कॅमेरा व संगणकावर चालणारी निवड यंत्रणा बसवली. अकरापैकी दहा बायकांना घरी पाठवले. हात सर्वांत चांगला म्हणून अर्जदारास ठेवले. इंजिनिअर म्हणाले, "मावशी, तुमची नजर मशीनला द्यायची आहे." चार महिने शेजारी बसून तिने ती दिली. पुढे तीन वर्षे गराला हात न लावता पडद्याकडे बघून हिरवे-लाल बटण दाबले. तेव्हा तिला याचा अभिमान वाटत होता, हे अर्जदार लपवू इच्छित नाही.

३. यंदाच्या पावसाळ्यात दमट गर यंत्रणेला डागी दिसू लागला, चांगला माल बाजूला पडू लागला. दुरुस्तीचा उपयोग झाला नाही. ऑगस्टमध्ये यंत्रणा बंद करून हाताने निवड पुन्हा सुरू झाली व दहाही बायकांना बोलावले. मधल्या काळात त्या बांदा येथील लहान कारखान्यांत गर निवडतच होत्या.

४. पहिल्याच दिवशी अर्जदाराचे ताट सर्वांत मागे राहिले आणि त्यात लहान-मोठे गर मिसळलेले निघाले. शेजारच्या जानकी परब हिने हळूच विचारले, "वेरोनिका, तुझो हात खंय गेलो गो?" पुढे कारखान्याने घेतलेल्या दोन चाचण्यांत अर्जदार नापास झाली. घरी मुलगी एलिना गर मिसळून देते, अर्जदार निवडते, एलिना तपासते आणि पुन्हा मिसळते.

५. व्यवस्थापक श्री. सत्यवान नाईक यांनी सांगितले, "बाई, ऑपरेटरची जागाच उरली नाही, निवडणीत तुम्ही पास होत नाही. तुमचं नाव मी कुठे लिहू?" त्यांचेही चुकले असे अर्जदारास म्हणता येत नाही.

६. जानकी म्हणते, "माझ्या बाजूक बस, माझो हात बघीत रव. येतलो तुझो परत." परंतु हजेरीवर नाव नसलेल्यास फाटकातून आत सोडत नाहीत.

तरी अर्जदारास जानकीशेजारी बसण्याची परवानगी मिळवून द्यावी, ही विनंती. विहित नमुन्यात "मुदत किती" असा रकाना आहे. हात कधी येईल, किंवा येईल की नाही, हे अर्जदारास ठाऊक नाही. म्हणून तो कोरा सोडला आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
वेरोनिका सॅम्युएल लुद्रिक
आरोंदा, दि. ०६/१०/२०२५

सोबत : १) संदर्भीय पत्राची प्रत २) दोन्ही चाचण्यांचे निकाल