आत्याबाईंचं स्थळ

४ मार्च, मंगळवार

नाहीच म्हणाली! शाळेतली शिक्षिका. फोनवर साखर पेरत होती, आज येऊन पाहिलं आणि म्हणे, "एवढी मोठी? आम्हाला पिल्लू हवं होतं." जाहिरातीत ठळक लिहिलंय, सहा वर्षांची आहे म्हणून. लोक वाचत नाहीत, नुसता फोटो बघतात.

आत्याबाई शिलाई मशीनखाली चिंध्यांच्या टोपलीत बसून ऐकत होती. तोंड असं, जणू हिनेच त्या बाईला नापास केलं. म्हणून तर हे नाव पडलं. हे म्हणतात, "आत्याबाईला मिशा असत्या तर — आपल्या आत्याबाईला आहेतच की! तिला स्थळांना काय तोटा?" विनोद करायला यांना बरा वेळ असतो. तिला गोळी भरवायची म्हटली की यांची कंबर धरते.

ऐन थंडीत डॉक्टरीणबाईंच्या जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर मिळाली ही, झाकण बांधलेल्या करंडीत. अर्धी गारठलेली, आणि दोन कुत्री करंडी ओढतायत. बाईंनी वाचवली आणि रीतीप्रमाणे माझ्याकडे धाडली. कपडे अल्टर करता करता मोठी मांजरं सांभाळायची, चांगलं घर मिळालं की पाठवणी करायची — हा माझा उद्योग. बाकी सगळ्या गेल्या. हीच घोडनवरी उरली आहे.

६ मार्च, गुरुवार

आज पुन्हा दवाखान्याच्या कडीला पिशवी! तिच्या मुतखड्याचं ते खास खाणं. दर गुरुवारी सकाळी कोणीतरी अडकवून जातं. आज झाडूवाल्या मावशींनी पाहिलं — एक बाई, निळा एप्रन, केसांना जाळी, मागच्या पावाच्या कारखान्यातली असावी. हाक मारली तर पळतच सुटली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिनेच मांजर ठेवलं असणार."

"मग न्यायला का येत नाही?"

"नेता येत नसेल."

असलं कसलं न नेता येणं! राग आला. मग पिशवी उघडली तर आत एक चिमुकला लोकरीचा गोंडा, खेळायला. आत्याबाईने तो तोंडात धरून घरभर मिरवला. राग कुठल्या कुठे गेला.

७ मार्च, शुक्रवार

स्थळ आलं! एका माणसाचा फोन. आवाज मऊ, घाई नाही. "ते राखाडी मांजर अजून आहे का तुमच्याकडे?" कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे त्याचं, घरात एकटाच असतो. मी आधीच सांगून टाकलं, तरणीताठी नाही हो. तर म्हणाला, "चालेल. शेपटीचं टोक मोडलंय त्याचंही काही नाही मला."

हुश्श! शेपटीचं कसं सांगायचं याचंच कोडं होतं. असली खोट माणसं आधी ऐकली की येतच नाहीत.

रविवारी येतोय. येताना घरातलं एक वापरलेलं कापड आणा म्हटलं — माझी पद्धत. नव्या घराचं कापड मांजराच्या टोपलीत घालायचं. त्यावर झोपली तर पसंती, मुतली तर स्थळ मोडलं. आजवर एकदाही चुकलेलं नाही.

९ मार्च, रविवार

आला. इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ, बोलणं अदबीचं. आत्याबाई कपाटामागे गेली ती गेलीच. परक्यासमोर सगळीच जातात. त्यानेही बोलावलं नाही, वाकून पाहिलं नाही. मला आवडलं ते. उगाच लाडीगोडी नाही.

कापड म्हणून बायकी सुती गाऊन आणला, धुऊन धुऊन मऊ झालेला. बोलता बोलता म्हणाला, "घर फार शांत झालंय हो, ताई." मला भरून आलं. बिचारा! बायको जाऊन फार दिवस झाले नसावेत. विचारलं नाही, जखमेवर मीठ कशाला.

दाराची कडी पाहून म्हणाला, "ही बाहेरूनही उघडते, ठाऊक आहे का?" खिशातून हत्यार काढून लगेच नीट करून दिली. चहा झाला. मग म्हणाला, या मांजरांचं खाणं महाग असतं, कसं भागवता? मी सांगितलं. सगळंच सांगितलं — कडीला अडकवलेली पिशवी, गुरुवारची सकाळ, पावाच्या कारखान्यातली ती पळपुटी बाई. तो हसला. "जगात चांगली माणसं आहेत," म्हणाला.

गेल्यावर हे म्हणाले, "चोराच्या हाती किल्ल्या, आणि तू कुलूपवाल्यालाच घराची कडी दाखवलीस!" यांना कोणाचं बरं बोलायचंच नसतं.

१० मार्च, सोमवार

पसंत!! एवढी पसंती मी उभ्या जन्मात पाहिली नाही. गाऊन टोपलीत घातला मात्र — आत्याबाई वास घेत उभीच राहिली. मग पंजांनी मळायला लागली, पिल्लू आईला मळतं तशी. घुरघुर पार स्वयंपाकघरात ऐकू येत होती. दिवसभर त्यावरून उठली नाही, जेवायलासुद्धा. डॉक्टरीणबाईंना कळवलं, लग्न जमलं!

संध्याकाळी गाऊन जरा सारखा करताना हाताला खांदा लागला. फाटून शिवलेला. शिवण उसवलेली नव्हती. शिवणीशेजारचं कापडच फाटलं होतं, आडवं. कापड असं झिजून फाटत नाही, ओढल्यावर फाटतं. शिवलंय मात्र सुरेख, बारीक टाके. उगाच बघत बसले.

१३ मार्च, गुरुवार

पिशवी आली. दुपारी कुलूपवाल्याचा फोन — "आज आलं का खाणं तिचं?" केवढी काळजी! आलं म्हटलं, अगदी वेळेवर. "बरं," म्हणाला. आत्याबाई कशी आहे ते विचारायचं विसरला.

मावशी सांगत होत्या, सकाळी दवाखान्यासमोर कोणीतरी मोटरसायकल लावून बराच वेळ बसलं होतं. पेशंट असेल म्हटलं. "जनावर नव्हतं बरोबर," म्हणाल्या.

१६ मार्च, रविवार

तो आला होता. पाठवणी शुक्रवारी ठरली. आणि एक झालं ते मनातून जात नाही.

आत्याबाई गाऊनवर गाढ झोपली होती. जिन्यात त्याची पावलं वाजली — अजून दार उघडलंही नव्हतं — आणि ती ताडकन उठली. पळाली नाही. तिथेच चपटी झाली, कान पाठीला टेकवून, आणि खाली ओलं झालं. तिच्या लाडक्या गाऊनवर! त्याने आत येऊन पाहिलं. म्हणाला, "अजून तशीच आहे."

मी म्हटलं, अजून म्हणजे?

"म्हणजे त्या दिवशीसारखीच, ताई. भित्री."

गाऊन धुवायला काढला तर सोडेना. नखं रुतवून बसली. ज्या घराच्या कापडावर एवढा जीव, त्या घरच्या माणसाची एवढी धास्ती? दोन्ही खरं कसं असेल? हातावर ओरखडे आलेत. मनालाही काहीतरी लागून राहिलंय.

१८ मार्च, मंगळवार

काम सुधरत नाही. पँटची उंची चुकीची कापली, गिऱ्हाईक ओरडून गेलं. आत्याबाई खात नाही.

१९ मार्च, बुधवार

तिला न्यायची पेटी पुसून ठेवत होते. हे सहज म्हणाले, "कुलूपवाल्याला शेपटीचं सांगितलंस ना? नाहीतर दारातून परत आणून सोडेल."

"माहीत आहे त्याला."

"कोणी सांगितलं?"

सांगायला गेले आणि आठवलं. मी सांगितलं नव्हतं. जाहिरातीत लिहिलं नव्हतं, मुद्दाम! डॉक्टरीणबाईंना विचारलं — त्यांचं आणि त्याचं बोलणंच झालेलं नाही. जाहिरातीतला फोटो काढून पाहिला. आत्याबाई समोर तोंड करून पाय पोटाखाली घेऊन बसली आहे. शेपटी दिसतच नाही.

ही त्याच्याच घरातली. गाऊन तिथला, हीही तिथली. आणि शेपटी कशी मोडली असेल, तेही कळलं. देवा, परवा माझ्या हाताने पेटीत घालून त्याच्या हवाली करणार होते हिला!

लगेच फोन लावला. खोटं बोलले — तिला दुसरं घर ठरलंय, माफ करा. वाटलं होतं भांडेल, शिव्या देईल. यांना शेजारी उभं केलं होतं. तर म्हणाला, "बरं. काही हरकत नाही, ताई. तुम्ही पुष्कळ केलंत." आणि ठेवला.

एवढ्यावर सुटले! आत्याबाईला उचलून घरभर नाचले. हे म्हणाले, आता हिला कुठे पाठवू नकोस, राहू दे इथेच. मलाही तेच म्हणायचं होतं. ती आमचीच आता.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. पिशवी पायरीवर फुटली होती. दाणे पार रस्त्यापर्यंत, त्यातच केसांची एक जाळी. कारखान्यात ती बाई पोचलेली नाही. कुलूपवाल्याचं दुकान बंद, त्याचा फोन बंद.

पोलीस आले होते. त्याचं मी सगळं सांगितलं — नंबर, गाऊन, शेपटी. त्यांनी लिहून घेतलं. मग एवढंच विचारलं, "ती गुरुवारी सकाळी इथे येते, हे त्याला कळलं कसं?"