पाचवा चेंडू

प्रिय खिडकी,

अठरा महिन्यांनी तुला लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तूच म्हणायचीस, "माईक, तुझं सुरू झालं की मी फोन ओट्यावर ठेवते, भांडी घासते, हात पुसते, परत कानाला लावते, तरी तू पहिल्याच मुद्द्यावर असतेस." म्हणून कागद. कागद तुला मध्येच थांबवता येईल, चुरगळता येईल. फक्त एक विनंती आहे. चुरगळायचाच असेल तर शेवटचा परिच्छेद वाचून मग चुरगळ.

रागानेच सुरुवात करते, कारण दोन आठवडे माझ्याकडे दुसरं काही नाही. विश्वासघात हा शब्द मी किती वेळा वापरला असेन! डॉक्टराशिवाय आपल्याला दौऱ्यावर पाठवलं तेव्हा, पुरुषांच्या संघाने वापरून टाकलेले बूट आपल्याला दिले तेव्हा, सरावाचं मैदान मेळाव्याला भाड्याने दिलं तेव्हा. प्रत्येक वेळी मी खुर्चीवर उभी राहिले, शब्द फेकला आणि टाळ्या घेतल्या. पुस्तकांतून वाचलेले सगळे फितूर सरदार, सगळे विकले गेलेले पहारेकरी माझ्या जिभेवर हजर असायचे. त्यामुळे मला वाटायचं की विश्वासघात मोठ्या जागी होतो, दरबारात, किल्ल्याच्या दारात. माझ्या वाट्याला तो पाण्याच्या बाटलीवर आला. त्या बाटलीकडे येतेच.

आधी तो दिवस. तू पलीकडच्या बाकड्यावर होतीस, पण तू जे पाहिलंस ते मी पाहिलं नाही आणि मी जे पाहिलं ते तुला सांगायचंय. एकशेवीस मिनिटांचा फुटबॉल संपला, बरोबरी, पेनल्ट्या. जिंकेल तो विश्वचषकाला, हरेल तो घरी. तुमच्या पाचही जणींनी गोल केले, आमच्या चौघींनी केले, पाचवी मी. मधल्या रेषेपासून त्या ठिपक्यापर्यंत पंचेचाळीस-पन्नास पावलं असतील. एकशे बारा आंतरराष्ट्रीय सामने खेळले, पण ती वाट इतकी लांब मी कधी चालले नव्हते. माझ्यामागे बाकीच्या सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी शाळेत होत्या तेव्हापासून भिंतीवर माझं चित्र लावून झोपायच्या. आणि माझं वय तेहतीस. पुढच्या विश्वचषकाला मी समालोचनाच्या खोलीत बसलेली असणार, हे मला आणि माझ्या गुडघ्याला, दोघांनाही ठाऊक होतं.

चालताना मी तुझ्याकडे बघायला नको होतं. बघितलं. तू गळ्यात टॉवेल टाकून बसली होतीस, आपल्याकडे बसायचीस तशीच, पण अंगावर त्यांचा रंग. तू माझ्याकडे बघत नव्हतीस. बोटांची नखं बघत होतीस. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली की हिने सांगितलंय.

त्या दिवसापर्यंत मी सामन्यांत चौदा पेनल्ट्या मारल्या होत्या, चौदाही उजवीकडे, खाली, खांबाला चाटून. जगाला माहीत होतं, तरी कोणाला अडवता आली नाही. पण जगाला माहीत असणं वेगळं आणि तू शिकवणं वेगळं. माझा खांदा कधी झुकतो, टाच कुठे टेकते, हे अकरा वर्षं माझ्यासमोर उभं राहून तू शिकलीस. म्हणून त्या शेवटच्या चार पावलांत मी ठरवलं की डावीकडे. तुला आठवतो आपला पाचवा चेंडू? रोज सराव संपला की सगळ्या बसमध्ये जाऊन बसायच्या, ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवायचे, आणि आपल्या पाच पेनल्ट्या. चार उजवीकडे, पाचवा डावीकडे. "असू दे, कधीतरी कामाला येईल," असं मी म्हणायचे. "म्हातारपणी," असं तू म्हणायचीस. तो चेंडू मी खऱ्या सामन्यात कधीच काढला नव्हता. तो तुझ्याशिवाय कोणी पाहिलाच नव्हता.

तुझी ती पोरगेली गोलकीपर हललीच नाही गं. सगळ्या गोलकीपर आधी उडी घेतात. ही उभी राहिली, खांबासारखी, मी मारेपर्यंत. आणि मग शांतपणे डावीकडे गेली, जशी कोणी फळीवरून डबा काढायला जावी. चेंडू तिच्या पोटाशी. संपलं.

म्हणून त्याच संध्याकाळी पत्रकारांसमोर मी जे बोलले ते बोलले. तू ऐकलंच असशील, सगळ्यांनीच ऐकलं. "आमच्या सरावाचं गुपित विकलं गेलं, आणि विकणारीने अकरा वर्षं आमच्या ताटात खाल्लं." वाक्य चांगलं होतं. माझी वाक्यं चांगलीच असतात. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी संघटनेचे चिटणीस घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "तक्रार द्या, कप्तान. तिचा प्रशिक्षणाचा परवाना अजून आपल्याच संघटनेचा आहे. संघाची गोपनीय माहिती फोडली म्हणून तीन वर्षं तरी जाईल." मी मसुदा त्यांना करू दिला नाही. मी स्वतः केला. सात पानं. तू वाचलं असशील तर तुला कळलं असेल की तिसऱ्या पानावर मी जरा वाहवत गेले.

पण सात पानं लिहिताना मला सारखी ती अवजारांची खोली आठवत होती. आपला पहिला दौरा, परक्या देशातलं ते मैदान, आणि कपडे बदलायला दिलेली खोली, जिच्यात गवत कापायचं यंत्र, चुन्याच्या गोण्या आणि एक भलंमोठं कुलूप लावलेलं कपाट होतं. अठरा मुली आणि कपडे टांगायला एक खिळा. त्या सामन्यात तू सात गोल खाल्लेस. तिथला तो मैदान सांभाळणारा म्हातारा हसून म्हणाला होता, "ही गोलकीपर आहे का खिडकी? वारासुद्धा विचारून येत नाही." तू त्या चुन्याच्या गोणीवर बसून हमसून रडलीस. मी शेजारच्या गोणीवर उभी राहिले आणि माझं पहिलं भाषण केलं. काय बोलले ते आठवत नाही. इतकंच आठवतं की तू मध्येच नाक पुसून म्हणालीस, "अगं ए माईक, खाली उतर, चुना उडतोय." तू खिडकी झालीस आणि मी माईक. पुढे तू अशी झालीस की वारासुद्धा अडायचा, पण नाव तेच राहिलं. चौऱ्याऐंशी सामने. त्यांतल्या सदतीस सामन्यांत एकही गोल नाही. हे आकडे मी उगीच सांगत नाहीये. हे आकडे मी एकदा एका कागदावर लिहिले होते.

तो कागद तुला दाखवला होता. तुझी लेक सहा महिन्यांची होती, तुझ्या मांडीवर झोपली होती, आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत तो वाचून दाखवला. संघटनेने तुला 'विश्रांती यादी'त टाकलं होतं. यादी कसली, अडगळीची फळी. बाळंतपण झालेल्या खेळाडूने शाळकरी मुलींबरोबर निवडचाचणीच्या रांगेत पुन्हा उभं राहायचं, आणि तोवर तिचा करार संपलेला! आपण ठरवलं की बैठकीत मी बोलणार, आणि शेवटचं वाक्य असणार, "ती नाही, तर मी नाही." बाकीच्या माझ्यामागे उठतील. तू म्हणालीस, "नक्की ना?" मी म्हणाले, "वेडी आहेस का?"

त्या बैठकीबद्दल आपण कधी बोललो नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आज सांगते. लांबलचक टेबल, काचेचे पेले, भिंतीवर पुरुषांच्या संघाचे फोटो. अध्यक्ष फार गोड बोलले. म्हणाले, पात्रता फेरी तोंडावर आहे, आपल्याला तुमच्यासारखी कप्तान पुन्हा मिळायची नाही, आधी विश्वचषक गाठू, मग हे सगळे प्रश्न मोठ्या मनाने सोडवू. मग विचारलं, "तुमचे काही मुद्दे?" कागद माझ्या खिशात होता. मी मैदानाच्या गवताबद्दल बोलले. मग डॉक्टरबद्दल बोलले. फार सुंदर बोलले. आणि खाली बसले. जिने चुन्याच्या गोणीवर उभं राहून भाषण केलं, ती खिशातला कागद न काढता खाली बसली. स्वतःला म्हटलं, विश्वचषकाला पोचले की माझ्या शब्दाला वजन येईल, तेव्हा तिच्यासाठी लढेन. असली समजूत मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकली असती, तर तिथल्या तिथे चिंध्या केल्या असत्या.

बाहेर तू लेकीला कडेवर घेऊन उभी होतीस. माझं तोंड पाहिलंस आणि तिचं टोपडं नीट केलंस. दोन महिन्यांनी कळलं की तू त्यांच्या गोलकीपरना शिकवायला गेलीस. मला न सांगता. तेव्हाही मी तुलाच फितूर म्हटलं.

आता ती बाटली. कपडेवाल्या मावशींची सवय तुला माहीत आहे. सामना संपला, आभाळ कोसळलं, तरी त्या दोन्ही गोलांमागच्या बाटल्या गोळा करणार. "तुमची हारजीत तुम्ही बघा, माझ्या चोवीस बाटल्या मला पाहिजेत." त्या दिवशी पंचवीस भरल्या. परवा धुवायला काढल्या तेव्हा एक परकी निघाली, तुमच्या गोलकीपरची, तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टीखाली कागद. मावशींनी अक्षर ओळखलं. दौऱ्यावर तू त्यांना औषधांच्या वेळा लिहून द्यायचीस, तेच पाय पसरून बसल्यासारखं अक्षर. काल सकाळी त्या आल्या, बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "वाच आणि मग काय भाषणं करायची ती कर."

पाच ओळी. चार जणींचे नंबर आणि कोपरे. चारही बरोबर, आणि चौघींनी तिथेच मारून गोल केला, म्हणजे कोपरा कळून काही होत नाही. पाचवी ओळ माझी. "दहा नंबर. नेहमी उजवीकडे. पण मी बाकड्यावर दिसले की तिचा माझ्यावरचा विश्वास उडेल आणि ती डावीकडे मारेल. हलू नकोस, थांब."

माईकसुद्धा नाही लिहिलंस. दहा नंबर.

ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. पाचवा चेंडू तू फोडलासच, ते मी विसरणार नाही. पण डावीकडे मारता येणं हे काही आपल्या संघाचं गुपित नव्हे, प्रत्येकीला डावी बाजू असते. तू फोडलंस ते दुसरंच. ऐन वेळी मी शब्दाला आणि माणसाला धरून राहत नाही, हे. ते तुला त्या बैठकीच्या दारात कळलं, आणि तू ते अठरा महिने जपून ठेवलंस आणि एका परक्या पोरीला एका ओळीत शिकवलंस. माझ्या तोंडावर एकदा तरी म्हणायचं होतंस गं! शिव्या द्यायच्या होत्यास, दार आपटायचं होतंस. मी भाषण केलं असतं, तू भांडी घासली असतीस, पण कुठेतरी पोचलो असतो. तू मला माझ्याबद्दलचं सगळ्यात खरं वाक्य सांगितलं नाहीस, बाटलीवर लिहिलंस. हा माझ्या वाट्याला आलेला विश्वासघात आहे. आणि त्यात एकही अक्षर खोटं नाही, म्हणून तो जास्त लागतो.

उद्या दहा वाजता शिस्त समिती. तीच खोली, तेच टेबल. तक्रारीवर माझी सही अजून व्हायची आहे, चिटणीसांना ती सगळ्यांसमोर करून हवी आहे. तुला उत्तर द्यायला बोलावलंय, म्हणजे तू समोर बसशील. हे पत्र मावशींच्या हाती आत्ताच धाडतेय, दुपारच्या चहाच्या आत तुझ्या अतिथीगृहावर पोचेल, कारण उद्या तुला अंधारात ठेवायचं नाही. मी सही करणार नाही. तू केलंस त्याला त्यांच्या नियमांत कलम नाही, आणि मी केलं त्यालाही नाही. कप्तानाची पट्टी टेबलावर ठेवीन आणि खिशातला तो जुना कागद वाचीन, चौऱ्याऐंशी आणि सदतीसपासून शेवटच्या वाक्यापर्यंत. त्या वाक्याचा आता तुला काडीचाही उपयोग नाही, मला माहीत आहे. तुझ्यामागे जी पोरगी त्या 'विश्रांती यादी'त जाईल, तिला कदाचित होईल. माफी मी मागत नाहीये आणि देतही नाहीये, दोन्ही अजून माझ्याकडे नाहीत. फक्त नखांकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. उद्या मी उजवीकडे मारणार आहे, तू समोर बसलेली असलीस तरी.

तुझीच, अजून तरी,
माईक