इतर मान्यवर

सावेडी, नगर
(आता अहिल्यानगर लिहायचं असतं, पण हात अजून जुन्या वळणावर जातो.)

तीर्थस्वरूप कारभारीमामांना भागवतचा दंडवत. (प्रत्यक्ष घालायचा तर हल्ली कंबर ऐकत नाही, तेव्हा हा कागदावरचा पुरा लवून घातलेला समजावा.)

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. अश्विनी शाळेत शिकवते, पार्थ बारावीच्या क्लासला जातो, आणि मी घरात असलो की दोघांच्या पायात येतो. तुमचा गुडघा काय म्हणतो? गोजरमामींना दम लागायचा तो कमी झाला का? म्हैस व्याली की अजून सगळ्यांना झुलवतेच आहे? हे फोनवरच विचारणार होतो. पण फोन दर वेळी तुमची सून आरती उचलते आणि बाबा भाताच्या खाचरात गेलेत म्हणून सांगते. मामा, तुमचा खोकला मी लहानपणापासून ओळखतो. तो खाचरातून येत नव्हता, आरतीच्या पाठीमागून येत होता. असो. यंदा तुमच्याकडचा तांदूळही आला नाही, भात कमी पिकलं असेल. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला तरी कुणी खाचरात गेलेत म्हणून सांगत नाही.

मामा, थकलो. सैन्यात असताना जेवढा थकलो नव्हतो तेवढा सैन्यातून सुटल्यावर थकलो. तुम्ही अख्ख्या अकोले तालुक्यात सगळ्यांना सांगत आलात की आमचा भागवत बॉर्डरवर आहे. मीही कधी खोडून काढलं नाही, कारण खरं काय ते सांगायला अर्धा दिवस लागला असता. शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे परदेशी सैन्यांशी संबंध ठेवायचं काम होतं. कुठल्या देशाचा झेंडा कुणाच्या उजवीकडे, दारातून आधी कोण जाणार, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, कुणाच्या ताटात काय चालत नाही. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन देशांचे अधिकारी मी एका टेबलावर जेवायला बसवले आहेत, आणि दोघांनीही गोड खाऊन ढेकर दिला आहे. (बंदूक शेवटची कधी हातात धरली ते विचारू नका. पार्थ विचारतो, तेव्हा मी पेपर वाचायला घेतो.)

आता हे काम नोकरीच्या अर्जात कसं लिहायचं? एका पतसंस्थेत गेलो, तर चेअरमन माझ्या मिशीकडे बघून वसुलीला घेतो म्हणाले. एका शाळेत गेलो, तर पीटी आणि शिस्त. पुण्यात रेश्मा नावाच्या मुलीने मुलाखत घेतली, मोठी हुशार मुलगी. दोन देशांचा संयुक्त लष्करी सराव कसा ठरतो ते मी तिला इत्थंभूत सांगितलं. तिने मान डोलावत सगळं ऐकलं आणि कागदावर 'लग्नसमारंभ इत्यादी व्यवस्थापनाचा अनुभव' असं लिहिलं. आमच्या सोसायटीचा वॉचमन बजरंग रोज सकाळी मला कडक सॅल्यूट ठोकतो आणि मग, साहेब, जरा गेटवर बसता का, मी च्या घेऊन येतो, असं म्हणतो. मी बसतो. लोकांनी मागवलेली पार्सलं घेतो. निवृत्त लेफ्टनंट कर्नलला एवढीच एक नोकरी बिनअर्जाची मिळाली.

शेवटी सुप्याला एका कारखान्याने घेतलं. पंपाचे सुटे भाग करतात, भागीदार जर्मन आहेत. परदेशी पाहुणे आणि शेजारचं गाव, दोन्ही सांभाळायला माणूस हवा होता. मी म्हटलं, हे तर आपलं आयुष्यभराचं काम. परदेशी पाहुण्यांना तर मी झोपेतही सांभाळीन, आणि गाव काय, आपलंच आहे! (हे वाक्य मी मुलाखतीत मोठ्याने बोललो होतो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.)

नव्या शेडचं उद्घाटन होतं. मी खुर्च्यांचा नकाशा काढला, प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी लावली. पदाप्रमाणे मान, हा जगभर चालणारा नियम. गावच्या सरपंच जयाताई, म्हणून त्या पहिल्या रांगेत, जर्मन साहेबांशेजारी. त्यांचे सासरे कानिफनाथतात्या, ज्यांच्या वावरातून कारखान्याचे ट्रक जातात. पण तात्यांना पद नाही. म्हणून ते दुसऱ्या रांगेत, बरोबर सुनेच्या पाठीमागे. मामा, तुम्ही इथंच कपाळाला हात लावला असेल. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या सरळ लागल्यात ना, एवढंच मी बघितलं.

जयाताई आल्या, चिठ्ठी वाचली, मागे सासरे दिसले, आणि पदर सावरून उभ्याच राहिल्या. सासरा मागे असताना पुढे कशा बसणार? तात्या आले. सून उभी, तर आपण कसं बसायचं, आणि तेही मागे, म्हणून तेही काठीवर हात ठेवून उभे. तात्या उभे म्हटल्यावर त्यांची भावकी उठली. भावकी उठली म्हणून उरलेलं गाव उठलं. जर्मनांनी आजूबाजूला बघितलं आणि इकडची हीच रीत असणार असं समजून तेही अदबीने उभे राहिले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, चार भाषणं, सगळा कार्यक्रम मंडपाने उभ्याने ऐकला. बसलेला एकटा मी होतो, कारण नकाशाप्रमाणे सगळं बरोबर होतं. मग फेटे बांधायची वेळ आली. पाहुण्यांना बांधले, जयाताईंना शाल दिली, आणि निवेदकाने माझ्या यादीत होतं ते वाचलं, 'आणि इतर मान्यवर'. त्या इतर मान्यवरांत तात्या होते. ते न जेवता निघून गेले. मी समजलो, वय झालंय, पथ्य असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांची ट्रॉली वाटेत आडवी उभी होती. ट्रॅक्टर सोडून नेलेला, ट्रॉलीत कडबा, आणि कडब्यावर तात्या. वावर त्यांचं, वाट त्यांची, बोलणार कोण? ट्रक पार हायवेपर्यंत खोळंबले. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, कर्नल, शनिवारपर्यंत वाट मोकळी झाली तर ठीक, नाहीतर आपण दुसरा माणूस बघू.

मग मी येत होतं ते सगळं केलं. आधी पेढ्यांचा बॉक्स पाठवला. तो दोरीसकट परत आला. मग दोन्ही बाजूंना कमीपणा येणार नाही असं संयुक्त निवेदन लिहिलं. तात्यांनी ते वाचून घडी करून कानामागे ठेवलं. मग भेट कुणाच्याच हद्दीत नको म्हणून फाट्यावरच्या हॉटेलात बैठक ठरवली. तात्या आले, माझ्याच पैशाचा चहा प्याले आणि बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कर्नल झाला म्हंजी वडीलधारा झाला का रं? तुज्या घरात कोनी थोरं मानूस हाय का न्हाई?"

मी चहाचे पैसे दिले आणि उठलो. परत येताना जयाताईंनी गाठलं. त्या माझ्यावर चिडलेल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. म्हणाल्या, "साहेब, तुमी कागद लई लिवता. तात्यांना कागद नको. तुमच्या घरचं जानतं मानूस यिऊन हाताला धरून ताटावर बसवंल, तर तात्या आत्ता उठतील."

एवढंच होतं बघा. आणि एवढंच माझ्याकडे नाही. वडील जाऊन कैक वर्षं झाली, आई तर मी सरावात असतानाच गेली. ही नोकरी गेली तर दिल्लीकडची एक सिक्युरिटी कंपनी मला घ्यायला तयार आहे; पगार बरा आहे, खोली देतात. पण मामा, मला जायचं नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची माणसं एका टेबलावर बसवत हिंडलो आणि माझी माणसं माझ्यावाचून जेवत राहिली. पार्थ अजून मला पाहुण्यासारखं वागवतो, मी खोलीत आलो की पाय खाली घेतो. मला इथंच राहायचं आहे. तो पाय वर ठेवून माझ्यासमोर बसेल इतकं तरी राहायचं आहे.

मामींना नमस्कार, आरतीला आशीर्वाद. म्हशीचं कळवा.

तुमचा भाचा,
भागवत

ता. क. शुक्रवारी सुप्याला याल का? गाडी घेऊन मीच येतो, गुडघ्याला त्रास होणार नाही. तात्यांचा हात धरायचा आणि ताटावर बसवायचं, बोलायची गरज नाही. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी माणसं ऐकतात, हे मी लहानपणापासून बघतो आहे.

ता. क. दुसरा. तुम्ही येणार असं मी तात्यांना कालच सांगून बसलो आहे. ऐकून त्यांनी ट्रॉलीवरून एक पाय खाली घेतला. दुसरा तुम्ही आल्यावर घेणार आहेत.

ता. क. तिसरा. हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. आमच्या वास्तुशांतीला तुम्ही जेवायच्या आधीच एसटी धरलीत, तेव्हा गावाकडे काही काम निघालं असेल असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. परवा बजरंगशी बोलताना कळलं. 'कृपया आहेर आणू नये' असं मी पत्रिकेत छापलं होतं, आणि हुकूम म्हणजे हुकूम, म्हणून त्याने तुम्हाला गेटवरच अडवलं. तुमच्या काखेत माझ्यासाठी धोतर-फेटा आणि अश्विनीसाठी लुगडं होतं. मामाचा आहेर मी फाटकावरून परत पाठवला. तेव्हा तांदूळ का आला नाही आणि तुम्ही सारखे खाचरात का असता, हे मला आता समजलं आहे. रीतीप्रमाणे तुमची समजूत काढायला माझ्या घरचं थोर माणूस तुमच्याकडे पाठवायला हवं. मी सगळीकडे बघितलं, मामा. असं एकच माणूस उरलं आहे, आणि ते तुम्ही आहात. आता कुणाला पाठवू, ते तुम्हीच सांगा.