निरसडी

अण्णा,

वाईच्या घाटावरच्या तुमच्या पाटीत चूक होती. त्रेपन्न वर्षं होती. तुम्हाला ती कधी कळली नाही, आणि मला ती तुम्ही खडूने आखत होतात तेव्हाच दिसली होती. हे एवढं एकदा लिहून टाकायचं म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर बसले आहे. सून म्हणाली, आई, काय लिहिताय एवढं, बँकेचं काही आहे का? म्हटलं, नाही, वडिलांना पत्र लिहितेय. ती कुकर लावायला गेली. शहाणी आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली हे तिला माहीत आहे.

तुम्ही कसे होतात हे तुम्हालाच काय सांगायचं, पण सांगते. सदाशिव पेठेतलं जिन्याखालचं ते दुकान, त्यात तुम्ही, रंगाचे डबे आणि वाळत लावलेल्या पाट्या मिळून चौथ्या माणसाला जागा नव्हती. गिऱ्हाईक बाहेर रस्त्यावर उभं. एक खानावळवाले कागदावर मजकूर लिहून घेऊन आले, ‘येथे घरगुती जेवन मिळेल.’ तुम्ही लाल पेन्सिलीने न चा ण केलात. ते म्हणाले, अहो पेंटर, असू द्या हो तसंच, लोकांना समजतं. तुम्ही कागद परत केलात. ‘मग जेवन तुम्ही वाढा. पाटी दुसरीकडे करा.’ ते गेले ते परत आलेच नाहीत. आईने कपाळाला हात लावला होता. मला मात्र तुमचा अभिमान वाटला होता, तेव्हा.

शाळा सुटली की मी दुकानात येऊन अक्षरं भरायची. तुम्ही खडूने आखणी करणार, कडा तुम्ही मारणार, मग आतला रंग मी भरायचा. आखणी मला कधी दिली नाहीत. मागितली की म्हणायचात, ‘आधी न सांडता भरायला शीक.’ मी शिकले. न सांडता भरायला लागले. तरी नाही दिलीत. मग ते घड्याळवाले आले. त्यांची पाटी तुम्ही आखून ठेवली होती, ‘घड्याळ दुरूस्ती’. मी त्यांच्यासमोरच म्हणाले, अण्णा, दुरुस्तीतला रु ऱ्हस्व ना? ते घड्याळवाले हसले. म्हणाले, काय हो, मुलगी तुमचीच दुरुस्ती करतेय की. तुम्ही ओल्या फडक्याने तो रू पुसलात, नीट केलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘तुझं काम भरायचं. वाचायचं नाही.’ आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर मी रडून मोकळी झाले असते.

पुढच्याच आठवड्यात आपण वाईला गेलो. कोणा व्यापाऱ्याला घाटावर येणाऱ्या लोकांसाठी सूचना लिहून घ्यायची होती, ओवरीच्या भिंतीवर, आत, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी. आई दवाखान्यात होती, घरी मला एकटीला ठेवायचं कसं, म्हणून मला बरोबर घेतलंत. स्वारगेटहून एसटी, पायाशी पिशवीत रंगाचे डबे, आणि तुम्ही अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, अजून माझ्यावर रागावलेत. आईचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होतात, आत्ताच्या माझ्या मुलापेक्षा एका वर्षाने मोठे. हा हिशेब मी अलीकडेच केला.

भिंतीवर पिवळा चौकोन आदल्या दिवशी कोणीतरी करून ठेवला होता. तुम्ही सुतळीला खडू लावून टिचकी मारलीत, रेघा उमटल्या, आणि आखायला लागलात. ‘सावधान. पायरी निरसडी आहे. जपून उतरावे.’ मी वाचलं. पुन्हा वाचलं. निसरडी, अण्णा. स आधी, मग र. शाळेतल्या पोरांच्या बोलण्यात होते तशी उलटापालट, ती तुमच्या हातून झाली होती, ज्यांच्या हातून कधीच काही होत नाही त्या तुमच्या. तुम्ही कडा मारल्यात, मला ब्रश दिलात आणि नदीकडे तोंड करून विडी ओढत बसलात. मी भरलं. सगळं भरलं, एक थेंब बाहेर न जाऊ देता. शेवटी तुम्ही येऊन लांबून बघितलंत. अक्षरं बघितलीत, शब्द बघितला नाहीत. कोपऱ्यात आपलं नाव लिहिलंत, आणि एसटी स्टँडवर मला पाव किलो कंदी पेढे घेऊन दिलेत. म्हणालात, ‘आज एकही अक्षर सांडलं नाहीस.’ तुम्ही माझं कौतुक केलंत ते तेवढंच, आयुष्यात.

पुढे मी सरकारी कचेरीत ट्रेसर झाले. दुसऱ्यांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर जसेच्या तसे उतरवायचे. तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे तिथेही दुसऱ्याच्याच रेघा.’ खरं होतं, पण बोलायची गरज होती का? असो. लग्न झालं, तुम्ही गेलात, दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकायला आली, आणि आम्ही बिबवेवाडीला फ्लॅटमध्ये राहायला आलो. वाईचं नाव मी कधी काढलं नाही. मुलगा लहान असताना त्याची सहल तिकडे गेली होती, तेव्हा मी तापाचं निमित्त काढून त्याला पाठवलं नव्हतं. बघा, एका पाटीपायी.

परवाच्या शनिवारी मात्र जावं लागलं. मुलाला हडपसरच्या ऑफिसात जोडून सुट्टी मिळाली, नातीला शाळेत ‘नदी आणि गाव’ असा प्रोजेक्ट आहे, सगळ्यांनी मिळून वाई ठरवलं. मी, मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. मोठा गणपती बघितला, नातवाने त्याचं पोट बघून आपलं पोट फुगवून दाखवलं. मग घाटावर उतरलो. मी मनाशी म्हणत होते, भिंत पडली असेल, गिलावा केला असेल, काही तरी झालंच असेल. ओवरीत बघते तर पाटी तिथेच. नुसती तिथे नाही, चकचकीत. दर काही वर्षांनी कोणी तरी येऊन तुमच्याच अक्षरांवरून ब्रश फिरवून गेलंय. तुमचा वळणदार स, तुमची वेलांटी, कोपऱ्यातलं तुमचं नावसुद्धा. रंग नवा आणि चूक तशीच. त्यांनीही माझ्यासारखंच केलं होतं, भरलं आणि गेले.

नात इंग्रजी शाळेतली, पण मराठी अक्षर अक्षर लावून वाचते. तिने वाचलं. ‘सा-व-धा-न. पायरी नि-र-स-डी आहे. आजी, निरसडी म्हणजे?’ सून म्हणाली, असेल काही तरी जुना शब्द. मुलाने फोनमध्ये शोधलं, म्हणाला, काहीच दाखवत नाहीये. त्या घाटावर त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असलेली मी एकटी होते, आणि मीच तो सांगितला नाही. ‘जाऊ दे,’ म्हणून नात खाली गेली. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. तिचा पाय गेला, गुडघा दगडावर आपटला आणि ती कमरेइतक्या पाण्यात बसली. मुलाने बुटांसकट उडी मारून तिला उचललं. नदीला पाणी कमी होतं म्हणून निभावलं. गुडघ्याला दोन टाके पडले. डॉक्टरांकडे ती रडली नाही, मीच रडत होते, आणि सून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मला तो हात सहन होईना.

दवाखान्यातून बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, चला, आता सरळ घरी. मी म्हणाले, ‘तुम्ही जा. मला ती पाटी नीट करायची आहे.’

‘आई, कम्प्लेंट टाकू ना ऑनलाइन. फोटो काढलाय मी.’

‘ती माझ्या वडिलांनी लिहिली आहे. खाली नाव वाच.’

तो परत गेला, नाव वाचून आला. मग म्हणाला, ‘तुझं वय काय, आई? हात थरथरतो तुझा.’

‘थरथरू दे. उद्या जेवायला घरी असू.’ मी असा आवाज काढला की मलाच तुमचा वाटला. त्याने मुकाट्याने लॉजवर दोन खोल्या घेतल्या.

ओवरीला लागून एका बाईंची चहाची टपरी आहे. त्यांना म्हटलं, ही चूक आहे, दुरुस्त करते. त्या म्हणाल्या, ‘चूक? अवो, आमी तर त्या पायरीलाच निरसडी म्हंतो. पोरास्नी सांगतो, निरसडीवर जाऊ नगा. नावच हाय ते.’ मी कपाळावर हात मारून घेतला. तुमची चूक एका पायरीचं नाव होऊन बसली होती, अण्णा. घटकाभर वाटलं, राहू द्यावं, गावाने सांभाळलंय तर. मग म्हटलं, गावातली पोरं निरसडीवर जात नाहीत, पण बाहेरून येणाऱ्यांना कोण सांगणार? बाईंना नातीचा गुडघा दाखवला. त्यांनी चहा पुढे केला, पुजाऱ्यांना विचारून आल्या, आणि म्हणाल्या, ‘करा म्हनत्यात. पन आमी निरसडीच म्हननार हां.’ म्हटलं, म्हणा की.

हार्डवेअरच्या दुकानातून पिवळा आणि काळा ऑइलपेंट, पॉलिश पेपर, दोन ब्रश आणले. शनिवारी दुपारी तेवढा शब्द घासून त्यावर पिवळा हात मारला. तुमची ती चार अक्षरं माझ्या हाताखाली गेली. रविवारी सकाळी रंग सुकला होता. मुलाने सेल्फी स्टिक दिली, ती मनगटाखाली आधाराला आडवी धरली, आणि मी आखायला लागले. भिंतीवर, स्वतःची रेघ, सहासष्टाव्या वर्षी. पहिली वेलांटी वाकडी गेली, पुसली. दुसऱ्यांदा बरी आली. स आधी, मग र. कडा मारल्या आणि नातीला ब्रश दिला. ती दुखरा पाय लांब करून स्टुलावर बसली. म्हटलं, वाचत वाचत भर, चुकलेलं दिसलं तर लगेच ओरड. तिने खालच्या ओळीकडे बोट करून विचारलं, ‘“उतरावे” म्हणजे काय? आपण “उतरायचं” म्हणतो ना?’ मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तुमचं नाव मी कोपऱ्यात होतं तसंच ठेवलं. त्याखाली माझं लिहिलं नाही, मुलगा म्हणत होता तरी.

भरता भरता तिने तो प्रश्न विचारला. तिला सगळं सांगितलं होतं मी, तुम्ही कसं आखलंत आणि मी कसं बघितलं. ती म्हणाली, ‘मग तू पणजोबांना सांगितलं का नाहीस?’

मी म्हणाले, ‘घाबरले होते गं.’

तिला पटलं. ती म्हणाली, मीपण टीचरला घाबरते. आणि पुन्हा भरायला लागली. दुपारी दोनला आम्ही घरी जेवत होतो, बोलल्याप्रमाणे. पण ते उत्तर तेव्हापासून पुन्हा पुन्हा आठवतंय. कारण हेच उत्तर मी त्रेपन्न वर्षं स्वतःला देत आले, आणि ते खरं नाही. आज ती चारला शाळेतून येईल. लंगडत येईल. तिने विचारायच्या आत मी तिला खरं सांगणार आहे, तिच्या टाक्यांकडे बघून सांगणार आहे, मग तिला माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटो. पण तिच्याआधी ते तुमच्या कानावर घालायला हवं होतं, म्हणून हा कागद. हा कुठे पाठवायचा ते तुम्ही सांगून गेला नाहीत, तेव्हा राहील इथेच टेबलाच्या खणात.

मी घाबरले नव्हते, अण्णा. तुम्ही विडी ओढत होतात, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. येणारा-जाणारा वाचेल, हसेल, आणि खाली तुमचं नाव असेल, एवढंच मी घोकत होते. म्हणून तर एक थेंब सांडला नाही. इतकं मन लावून मी दुसरं काहीच भरलेलं नाही, आणि तुम्ही त्याचेच पेढे दिलेत. ते मी सगळे खाल्ले.