लिलावातली मोरपंखी

५ ऑक्टोबर, रविवार

देवीच्या साड्यांचा लिलाव. नवरात्रात ओटी भरताना बायकांनी वाहिलेल्या साड्या देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विकतात. दर वर्षी ठरवते, नुसतं बघायला जायचं. दर वर्षी पिशवी घेऊनच जाते.

आज हाताला लागली ती मोरपंखी, राणी काठ. सेमी पैठणीच, पण अंगाला चोपून बसेल अशी. पदराला हाताने बांधलेले गोंडे, प्रत्येकात तीन बारीक सोनेरी मणी. एवढी नजर असलेली बाई आपल्या भागात कोण असेल? दोघीतिघींनी बोली लावली, मग सोडून दिली. मला मिळाली. किती स्वस्तात ते इथंसुद्धा लिहीत नाही.

माइकवाल्याने नेहमीचं सांगितलं, "ज्या घरानं वाह्यली त्या घरानं घिऊ नये. दिलेलं माघारी गेलं म्हंजे देवीनं घेतलं न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण.

जाऊबाईंनी अष्टमीला त्यांच्या लेकीच्या, पूजाच्या नावाने साडी वाहिली म्हणे. आदल्या दिवशी फोन आला होता, "बघून जा, लय छान घेतली." गेले नाही. भोकरदनहून त्यांच्या केदारखेड्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि बाईंची पसंती ठरलेली. हिरवी नाहीतर लाल, जरीचा भडका.

६ ऑक्टोबर, सोमवार

काठावर कुंकू, पदराला तेलाचा डाग. तेलावर पावडर टाकून ठेवली, कुंकू थंड पाण्यात दोनदा काढलं, सावलीत वाळवली. फॉल-पिकोला टाकली. ब्लाउज जुन्या जालन्यातून आणलेल्या राणी तुकड्याचा. त्या गल्लीत ठाण संपताना उरलेले तुकडे वेगळे काढून ठेवतात, ते मला बराबर माहीत आहेत. मला याच गोष्टी बराबर माहीत असतात.

हे म्हणाले, "अजून एक?" म्हटलं, प्रसाद आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळ.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत नेसून गेले. ऑफिसात फी घ्यायला बसते तिथून फक्त पदर आणि ब्लाउज दिसतो, तरी नीता मॅडम काउंटरवर वाकून बघत राहिल्या.

"कुठून घेतली हो?"

"संभाजीनगरहून."

तोंडातून गेलं. आधी ठरवलं नव्हतं. कोणत्या दुकानातून, तर तेही सांगितलं. ज्या दुकानाच्या पायऱ्या मी कधी चढले नाही, त्याचं नाव. त्या म्हणाल्या, तरीच.

दुपारभर छान वाटलं. संध्याकाळी नाही.

असं का करते ते मला माहीत आहे. लहानपणी आमच्या मेंढ्या ज्याच्या शेतात बसायच्या तो शेतकरी आईला ज्वारी द्यायचा आणि कधी घरातले जुने कपडे. तिसरीत एक निळा फ्रॉक घालून गेले, तर वर्गातली एक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यो माझा हाय. इथं चहा सांडल्ता." डाग तिथंच होता. तेव्हापासून माझ्या अंगावरचं काहीही कुणाचं असू नये असं वाटतं. निदान तसं दिसू नये. आणि घेते तर दुसऱ्यांचंच.

९ नोव्हेंबर, रविवार

पूजाचं डोहाळजेवण, केदारखेड्याला. काय लिहू.

मोरपंखी नेसले. ओट्यावर बसलेल्या बायका पदर हातात घेऊन बघू लागल्या. कुठली, कुठली. मी म्हणाले, "सं.नगरला घेतली, पाच हजाराच्या वर गेली." एवढं कुणी विचारलंही नव्हतं.

पूजा पाटावर. फुलांचे दागिने, हिरवी साधी साडी. दोनदा पोटातलं गेलं तिचं, हे तिसरं. जाफराबादच्या सासरहून महिनाभर आधीच आईने आणून ठेवलं, खाली वाकू देत नाहीत. बाई सगळ्यांना हळदीकुंकू लावत माझ्यापाशी आल्या. कुंकू लावलं, आणि माझा पदर हातात घेतला. गोंडे बोटांनी चाचपले. एक, मग दुसरा, मग तिसरा. करंडा तिथंच ठेवून आत गेल्या.

मला तेव्हाच कळलं.

स्वयंपाकघरात बोलावलं. पूजा पाणी प्यायला म्हणून मागोमाग आली, दारात उभी राहिली.

"अनिता, ही कुठली?"

"सांगितलं ना बाई, सं.नगरची."

"देवळातली तं न्हाई?"

"न्हाई."

"असे गोंडे मी बांधल्ते. अष्टमीच्या साडीला. मणी जालन्याहून आणल्ते, बसून बसून कंबर मोडली. सेम असाच रंग. मोरपंखी पूजाला आवडतो म्हणून."

मी म्हणाले, "आजकाल दुकानात तयार येतात असे."

"माझ्या गळ्याला हात लावून सांग."

आणि मी लावला. त्यांच्या गळ्याला, दोन बोटं. "शप्पथ. दुकानातली हाय."

बाई तिथंच खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "जीवच गेल्ता माझा. दिलेलं घरात परत आलं असतं तं या येळेला बी काय खरं नव्हतं." मग हसल्या, मला म्हणाल्या, "ये, जेवून घे. तुला आवडते म्हणून पुरणाची पोळी ठेवली."

दोन पोळ्या खाल्ल्या. गेल्या नाहीत असं म्हणता येत नाही, खाल्ल्या.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही. एवढी नजर असलेली बाई कोण असेल म्हणत होते, आणि ती माझी जाऊ. तिची पसंती म्हणजे भडक, असं मीच ठरवून बसले होते. त्या दिवशी बघायला गेले असते तर लिलावात त्या साडीला हातसुद्धा लावला नसता.

१० नोव्हें., सोम.

यांना सांगितलं. आधी हसले. मग शपथेचं सांगितल्यावर हसले नाहीत.

"वहिनीच्या गळ्याला हात लावून?"

"हो."

"मंग आता सांगून टाक."

"सांगितलं तर नऊ महिने होईस्तोवर झोपणार नाहीत त्या. पूजाला कळलं तर तिचं काय होईल?"

"मंग नको सांगू."

ही यांची मदत. पण दुसरं तरी काय म्हणतील? मी म्हटलं, आपण वेगळे राहतो ना, चूल वेगळी, म्हणजे घर वेगळं. हे म्हणाले, "सातबारा एक, देवी एक. घर कसं काय वेगळं?" आणि आपलं दुकान उघडायला निघून गेले.

मी असलं काही मानत नाही. बी.ए. केलंय. तरी आज कपाट उघडलं तेव्हा साडीकडे सरळ बघवलं नाही.

१६ नोव्हें., रवि.

बाईंचा फोन. आवाज मोकळा, आनंदी.

"अनिता, त्या दुकानात मला घेऊन चल. बारशाला पूजाला तशीच घिऊ. देवीला दिल्ती तशी पोरीच्या बी अंगावर पाह्यजे."

म्हटलं, तो रंग संपला असेल. "दुसरा चालंल." म्हटलं, लांब पडतं. "बस हाय की." म्हटलं, महाग आहे बाई. मग म्हणाल्या, "तुला परवडती, मंग मला एकदा न्हाई का परवडायची?"

पुढच्या रविवारी जायचं ठरलं.

२० नोव्हें., गुरु.

शाळेतून लवकर निघाले, साडी पिशवीत घालून देवळात. ओटी भरून तिथंच सोडून यावी असा विचार. पुजाऱ्यांनी घडी उलगडली, फॉल बघितला.

"नेसलेली हाय की ताई. नेसलेली देवीला चालत न्हाई."

"मग काय करू?"

"नेसा की. प्रसाद हाय. न्हाईच ठिवायची तं पाण्यात सोडा."

नदीवर गेले. पूल, खाली पाणी बऱ्यापैकी. पिशवी कठड्यावर ठेवली. काढली साडी, हातात घेतली. आणि माझा हात काठावरून फिरायला लागला, दुकानात फिरतो तसा. एवढी चांगली साडी. अजून एकही धागा निघाला नाही. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती, म्हणाली, "बाई, टाकू राह्यली का? मला दे." मी घाईने पिशवीत कोंबली आणि घरी आले.

शपथेची लाज एकीकडे. आणि ही एकीकडे, की अजूनही सोडवत नाही.

२३ नोव्हें., रवि.

सं.नगर. बसमध्ये बाईंनी खिडकी मला दिली.

दुकान काचेचं, आत गार. बाईंनी चपला बाहेर काढल्या. रखवालदार म्हणाला, राहू द्या आजी, घालून या. त्या ओशाळल्या, मी त्यांच्याहून जास्त. मी पुढे, रोजची येत असल्यासारखी, आणि मला जिना कुठं तेसुद्धा माहीत नाही. बाईंनीच विचारला.

गादीवरच्या माणसाला बाई म्हणाल्या, "हिनं तुमच्याकडून मोरपंखी नेल्ती. गोंड्याची. तशी दावा."

मला वाटलं, संपलं. आता तो म्हणेल, आमच्याकडं असलं नसतं.

तो माझ्याकडे बघून हसला. "हो हो, ताई नेहमीच्या आपल्या. लक्षात आहे ना ती साडी. त्यातला पीस संपला, पण त्याच्याहून भारी दाखवतो."

बाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "बघ, वळखतेत तुला." केवढा अभिमान त्यांना. आपल्या घरातल्या बाईला एवढ्या मोठ्या दुकानात ओळखतात.

मग साड्यांवर साड्या पडत गेल्या. मी म्हणत होते, ही नको, ही जड आहे, बाळंतिणीला टोचेल. बाई माझ्याकडे बघून हसत होत्या, मी खर्च वाचवायला बघतेय हे त्यांना कळत होतं. शेवटी जांभळी घेतली. सोयाबीनच्या पैशातली. पैसे ब्लाउजातून काढून, पाठ करून मोजले. माझ्या एका थापेने त्यांना त्या काउंटरपाशी आणून उभं केलं. स्वतःसाठी त्यांनी दहा वर्षांत अशी साडी घेतलेली नाही.

येताना बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट. म्हणाल्या, "त्या दुकानदारानं सांगितलं तव्हा खरं बरं वाटलं बघ. शप्पथ घेतल्ती तू, तरी मनात एक किडा व्हता. माफ कर बाई मला."

माझी माफी मागितली. मी म्हणाले, "असू द्या."

एवढंच म्हणाले. असू द्या.

३० नोव्हें.

काही नाही. परवा शाळेत नीता मॅडमनी विचारलं, ती मोरपंखी परत नेसली नाही? म्हटलं, नणंदेला दिली. आता खोटं बोलायला विचारसुद्धा करावा लागत नाही.

साडी कपाटात, सगळ्यात खाली, जुन्या चादरीत.

७ डिसेंबर, रवि.

जालना. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, वहीची मागची पानं.

सकाळी बाईंचा फोन, पूजाच्या पोटात दुखतंय. अजून आठवा चालू. मी रिक्षाने केदारखेड्याच्या फाट्यावर आले, तिथं त्यांनी मला गाडीत घेतलं. वाटभर बाईंनी पूजाचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. डॉक्टर म्हणाल्या, बघू, थांबवता आलं तर थांबवू, नाहीतर आजच. जावई जाफराबादहून निघालेत.

थोड्या वेळाने दुखणं जरा कमी झालं. बाई चहा आणायला खाली गेल्या. मी पूजापाशी. तिने माझा हात धरला. हात गार.

"काकू, एक सांगू?"

"सांग की."

"लिलावाचे फोटो आल्ते दिवाळीत. गावच्या ग्रुपवर. तुम्ही व्हत्या त्यात. हातात आईची साडी."

मी दुसऱ्या हाताने तिची चादर सारखी केली.

"आईच्या मोबाइलमधनं मी खोडून टाकला. तिला दिसू नाही म्हणून. मंग तुम्ही नेसूनच आल्या."

"तू तिथं दारात होतीस."

"व्हते."

म्हणजे दीड महिना ही पोरगी हे एकटी घेऊन बसलीय. पोटात बाळ, आणि वर हे. मी म्हणत होते सांगितलं तर पूजाचं काय होईल, आणि तिला माझ्याही आधीपासून माहीत. मी गळ्याला हात लावला तेव्हा ती बघत होती, आणि मला खोटं पाडलं नाही. आईचा जीव राहावा म्हणून. माझी लाजसुद्धा राखली. मला वाटत होतं ती माझ्या साडीकडे बघतेय.

"काकू, तसं काय नसतं ना? तुम्ही शिकलेल्या. देवीनं घेतलं न्हाई, असं काय नसतं ना?"

"नसतं गं. बिलकुल नसतं."

"खरं?"

माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी किती सहज खोटं बोलू शकते ते या घरात फक्त तिला माहीत. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या शब्दाला काहीतरी वजन असावं, एवढ्या एका शब्दाला. शपथ घेते म्हणावं तर कुणाची घेऊ, कोणत्या तोंडाने? मी म्हणाले, "खरं." तिने हात सोडला नाही, पण डोळे मिटून घेतले. विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही.

मग सिस्टर आल्या. परत दुखायला लागलं होतं. तिला आत नेलं.

बाई चहा घेऊन आल्या, दोन कागदी कप. दार बंद बघून तिथंच उभ्या राहिल्या. एक कप मला दिला.

"काय म्हणली गं?"

मी म्हणाले, "तुमची आठवण काढत होती."