गोजरामावशीचा रोही

कारंजा (लाड)
गणपती बसून तिसरा दिवस

प्रिय शुभे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरली असशील. फोन हातात असताना ही बाई पत्र काहून लिहून राह्यली, असंच म्हणाली असशील. घाबरू नको, इकडे सगळे बरे आहेत. पुनीतचा गुडघा दुखतो, पण तो लग्नाच्या आधीपासूनच दुखतो. फोन करून पाहिला गं मी. तुझा आवाज ऐकला की मुद्दा बाजूलाच राहतो. मग पोरांच्या शाळेचं विचारते, रिठदला पाऊस आहे का ते विचारते आणि ठेवून देते. हिला एकाएकी पावसाचं काय पडलं, असं तुलाही वाटलं असेल. आणि आपण बोलतो वऱ्हाडी, पण लिहायला बसलं की शाळेतली भाषा बोटांत येते, त्याला माझा इलाज नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. आपल्या रोह्याचा पिच्चर आता घरबसल्या टीव्हीवर येणार आहे आणि तू पोरांना जवळ घेऊन तो पाहणार आहेस, असं तूच म्हणालीस. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तो लावू नको. तुला माझी आण आहे.

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून पायरीवर येऊन बसले. बाबूजींनंतर दुकान मीच पाहते, पण त्या पायरीवर मी फारशी बसत नाही. ती तुझ्या आईची, गोजरामावशीची जागा. तुला आठवतं का, सुट्टी लागली की तू कामरगावहून सकाळच्या जीपनं तिच्यासोबत यायचीस? ती सांबाराच्या, शाळेतल्या भाषेत कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायची, तू पाणी शिंपडायचीस, आणि मी आतून बाबूजींची नजर चुकवून यायचे. मग आपण शाळेच्या वाचनालयातलं ते पुस्तक काढायचो. त्याचं खरं नाव आपण कधी घेतलंच नाही. आपल्यासाठी ते रोह्याचं पुस्तक. विसरवनात हरवलेली रेवू आणि तिला पाठीवर घेऊन फिरणारा, घराएवढा उंच, बोलणारा रोही. मी वाचायची आणि तू पानं उलटायचीस, कारण माझं बोट नेहमी अर्ध्या ओळीवरच पान उलटायला धावायचं.

मावशीला आधी त्या पुस्तकाचा काय राग होता! रोही म्हणजे शाळेच्या पुस्तकातली नीलगाय, पण तिचा सात जन्माचा वैरी. आमचा हरभरा चाटून पुसून खाते ते मेलं, आन् तुमी पोट्ट्या त्याच्यासाठी रडून राह्यल्या, म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी भाजीवरची मान न उचलता हळूच विचारायची, मंग त्या रोह्याचं काय झालं? आपण तिला सगळं पुस्तक वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर नदी येते. पलीकडे रेवूचं घर असतं आणि रोह्याला वनाबाहेर पाय ठेवता येत नाही, ठेवला तर धुकं होऊन जाईल. ते तो तिला सांगत नाही. तू हो पुढं, मी आलोच, एवढंच म्हणतो. रेवू नदी ओलांडते, आईच्या गळ्यात पडते आणि रोह्याला विसरते. रोही तिथेच उभा राहतो. पुस्तक संपतं. तू नाक ओढत होतीस, मी ओढणी तोंडात कोंबली होती, आणि मावशी मात्र चिडली होती. असं कुठं असते, म्हणाली. ते पोट्टी वापस गेली असन. ज्यानं पुस्तक लिवलं त्याले माईत नसन. ते आज ना उद्या वापस गेलीच असन!

त्यानंतर किती वर्षं ती हाच वाद घालत राहिली. तुझं लग्न झालं, तू रिठदला गेलीस, माझं झालं, बाबूजी गेले, पण पायरीवर वांगी निवडता निवडता ती मध्येच म्हणायची, जिनल, गेलीच असन वं ते वापस. आणि मी हो म्हणायची, तिचं समाधान म्हणून.

उन्हाळ्यात त्या पुस्तकावर पिच्चर निघाल्याचं कळलं. फोनवर त्याची झलक आली तेव्हा मी धावतच बाहेर गेले. मावशीनं फोन डोळ्यांपाशी धरला. धुक्यातून रोही बाहेर आला तशी ती बाप्पा बाप्पा करायला लागली. माहा हरभरा एका घासात खाईन हा, म्हणाली. मग एकदम लहान पोरीसारखी म्हणाली, मले दाखोशीन? मोठ्या पडद्यावर तिनं जन्मात एकच पिच्चर पाहिला होता, जत्रेतल्या तंबूत, तोही मागून, जिथून अक्षरं उलटी दिसतात. मी म्हटलं, मावशी, अकोल्याला नेते तुला, तू नि मी दोघीच, पिच्चर लागेल त्या शुक्रवारी. तिनं ते आख्ख्या कामरगावात सांगितलं असेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता पुढचं लिहिते. पिच्चर लागला तेव्हा शाळा उघडल्या होत्या. गणवेशाची गर्दी तुला माहीतच आहे, श्वास घ्यायला सवड नसते. त्या शुक्रवारी सकाळी मावशी आली ती टोपलीशिवाय. जांभळं लुगडं नेसून, तेच, तुझ्या भावाच्या, गोपालच्या लग्नात घेतलेलं. केसांना तेल लावून चापून बसवलेले. माझ्या काही लक्षातच आलं नाही शुभे. कुठल्या लग्नाला निघाली असेल, असं वाटलं. तिनंच आठवण करून दिली. मी जीभ चावली आणि म्हटलं, बस मावशी, एवढं गिऱ्हाईक करते, मी आलेच. ती पायरीवर बसली. एकामागून एक माणसं येत गेली, मापं, बाह्या, परकरांची नाडी, आणि मी विसरले. सरळ विसरले. दुपारी जेवायला उठले तेव्हा ती तशीच बसलेली होती, लुगड्याचा पदर धुळीला लागू नये म्हणून मांडीवर घेऊन. अकोल्याची गाडी कधीच निघून गेली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, जाऊ दे वं, धंद्याच्या टाइमाले धंदा. पुढच्या शुक्रवारी जाऊ. आणि उठून जीपकडे गेली. पुढच्या शुक्रवारी ती दवाखान्यात होती.

होय शुभे. मी तिला पिच्चर दाखवला नाही.

तू आता पत्र खाली ठेवलं असशील. मग मला शिव्या दे, पाणी पी आणि पुन्हा उचल. दवाखान्यात तिनं तुला सांगितलं होतं ना, की जिनलनं मले अकोल्याले नेलं, हे एवढा मोठा पडदा, आणि पिच्चरात रेवू वापस येते? बाजूच्या खाटांवरच्या बायांना जमवून तिनं सगळी गोष्ट सांगितली, हे मला तुझ्याकडूनच कळलं. मी तर भेटायला आले तेव्हा ती झोपेत होती, आणि नंतर उठलीच नाही. ती खोटं का बोलली असेल याचा मी रोज विचार करते. लुगडं नेसून गेलेली बाई तशीच परत आली, हे गावात कोणत्या तोंडानं सांगणार? की माझं नाव खराब होऊ नये म्हणून? मला दुसरं कारण खरं वाटतं, आणि तेच सहन होत नाही.

माती द्यायच्या दिवशी तू माझ्या गळ्यात पडलीस आणि सगळ्या बायांसमोर म्हणालीस, हिनं माह्या आईची शेवटची हौस पुरी केली. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. जिभेपर्यंत आलं होतं. पण त्या बाया अशा काही पाहत होत्या माझ्याकडे, म्हातारी भुरीबाई तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायला लागली, आणि मी मान हलवली. तोंडातून एक शब्द न काढता खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग तेरवीच्या आधी तुझा फोन आला. तू म्हणालीस, लवकर ये, साऱ्यायले सांग पिच्चरात कोन्त्या जागी आई रडली. मी म्हटलं, तू हो पुढं, मी आलेच. आणि तेरवीच्या सकाळी तापाचं कारण सांगितलं. मला ताप नव्हता. मी अकोल्याला गेले होते, पिच्चर पाहायला.

मजेसाठी नाही गेले गं. पण जे कारण होतं ते मजेपेक्षा वाईट आहे. आज ना उद्या तू विचारणारच होतीस, की आई कुठे हसली, कुठे रडली. त्याचं उत्तर जवळ असावं म्हणून गेले. तिकडे तुमच्या अंगणात पंगती बसत होत्या आणि मी इकडे खोट्याची तयारी करायला थेटरात बसले होते. पुनीतलाही सांगितलं नाही.

पिच्चर चांगला काढलाय, हे कबूल करते. रोही जसा आपण मनात पाहिला होता अगदी तसाच आहे, कानाच्या केसांसकट. शेवटी नदी आली. पुस्तकात दोन ओळींत संपतं ते, पण पिच्चरात त्यांनी ते लांबवलंय. रोही म्हणतो, तू हो पुढं, मी आलोच. रेवू पाण्यात उतरते. तिची पाठ दूर जात राहते आणि रोही उभा. ऊन येतं, तो उभा. पाऊस येतो, तो उभा. मग तो पुढचे पाय दुमडून खाली बसतो, वाटेकडे तोंड करून. शुभे, मला तिथं रोही दिसलाच नाही. जांभळं लुगडं दिसलं. मला ठाऊक होतं पुस्तकात काय आहे, तरी मी मनातल्या मनात म्हणत होते, फिर गं बाई मागे, एकदा तरी फिर. मावशी म्हणायची ना, गेलीच असन. नाही फिरली. दिवे लागले तरी मी रडत होते, तोंड दाबून नाही, मोठ्यानं. शेजारची एक बाई म्हणाली, ताई, पिच्चर आहे तो. मावशी गेली तेव्हा मी इतकी रडले नव्हते, तुमच्या दारात तर मुळीच नाही, आणि परक्या गावात पिच्चरातल्या जनावरासाठी रडून राह्यली होती. माझी मलाच किळस आली.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. आमचं पर्युषण नुकतंच संपलं. आठ दिवस आम्ही हिरवं खात नाही, म्हणून तुझी आई दरवर्षी त्या दिवसांत टोपली उचलून रस्त्यापलीकडे जाऊन बसायची. तुमचं पजूसन हाय, हिरवं समोर दिसाले नाई पाह्यजे, म्हणायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. यंदा मी रोज पलीकडे पाहत होते. शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर माफ करा म्हणून. पूर्वी घरोघरी जाऊन हात जोडायचो. आता एक फुलाफुलांचं चित्र असतं, ते एका बोटानं सगळ्यांना जातं. माझंही गेलं, व्यापाऱ्यांना, शिंप्याला, गॅसवाल्याला, आणि त्यातच तुला. मी कोणाला काय पाठवतेय हे पाहिलंही नाही. आणि तुझं उत्तर आलं: तुनं तं माह्या आईले पिच्चर दाखोला जिनल, तुले कायची माफी? जिची माफी खरी मागायची, त्या तुलाच मी न पाहता गॅसवाल्याच्या रांगेत बसवून ती मागितली, आणि तू ती कारण माहीत नसताना देऊन मोकळी झालीस. ती मी परत करते. ती माझी नाही. रविवारी मी रिठदला येते, पत्र तोवर तुझ्या हातात पडलेलं असेल. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर पायरीवर बसेन, मला बसायलाच पाहिजे. भांड, बोलू नको, जे वाटेल ते कर. फक्त एक मागणं आहे. दवाखान्यातली ती गोष्ट तू ऐकलीस, मी नाही. मावशीच्या पिच्चरात रेवू वापस जाते, तेव्हा इतके दिवस वाट पाहून बसलेला रोही तिला पाहून काय म्हणाला? रागावला का गं तो? तेवढं मला सांग, मग पाहिजे तर दार लावून घे.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच
जिनल